एवढं पाकीट पोचव

माझ्या धाकट्या भावाने पहिली चोरी घरातच केली. आईने डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे, मग बाबांचं घड्याळ, मग माझ्या कानातलं. त्याला एमडीचं व्यसन लागलं होतं.

व्यसनातून गुन्हा म्हटलं की नशेत चाकू काढणारं पोरगं डोळ्यांपुढे येतं. तसंही होतं. पण आमच्या घरात, आणि पुढे पालकांच्या बैठकांत भेटलेल्या कितीतरी घरांत, वाट उधारीतून गेली होती. पुडी आधी फुकट, मग उधार, मग तगादा. पैसे नाहीत म्हटल्यावर विकणारा चिडत नाही. गोडीत म्हणतो, "राहू दे रे, एवढं पाकीट पोचव." कालचं गिऱ्हाईक आज त्याचा माल वाहू लागतं.

त्या पाकिटात किती आहे हे पोराला ठाऊक नसतं. कायदा मात्र वजन बघतो. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २०१५ मध्ये अमली पदार्थांसाठीच्या एनडीपीएस कायद्याखाली आलं. ५० ग्रॅमच्या वर गेलं की 'व्यावसायिक प्रमाण': किमान १० वर्षं सक्तमजुरी, आणि जामीन मिळणं महाकठीण. वजनही भेसळीसकट धरतात. कॉलेजात व्यसनावर बोलायला येणाऱ्यांनी हे गणित सांगावंच. फुप्फुसांच्या चित्रांना विशीतलं पोरगं भीत नाही.

घरातून वस्तू जाऊ लागल्या की आळ बहुतेकदा कामाच्या मावशींवर येतो. तो घेण्याआधी मुलाजवळ बसा. "नशा करतोस का?" याला उत्तर 'नाही' असंच येतं. "कुणाचं देणं आहे का?" असं विचारा. माझा भाऊ या प्रश्नावर रडला. आणि देणं कळलं तरी त्याच्या हातात रोख देऊ नका. फिटलेल्या खात्यावर नवी उधारी लगेच मिळते. धमक्या येत असतील तर आधी वकिलाला गाठा. मुलगा अठराच्या आतला असेल, तर त्याच्याकडून माल वाहून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही गोष्ट पोलिसांपुढे ठामपणे मांडा.

उपचारांना नेलं तर पोलीस धरतील, या भीतीने घरं महिनोन्महिने गप्प बसतात. खरं तर एनडीपीएसचं कलम ६४-अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात, आपणहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण देतं. एमडीसाठी अल्प म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी. उपचार पुरे करावे लागतात; अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येतं. आणि हे संरक्षण अल्प प्रमाणापुरतंच; म्हणूनच पाकिटापर्यंत जाण्याआधीचे दिवस इतके मोलाचे.

पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि देशभरासाठी १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. फोन मुलानेच करायला हवा असं नाही. बहीण करू शकते, आजी करू शकते. मुलगा यायला तयार नसेल, तरी घरच्यांनी आधी जाऊन समुपदेशकाला भेटावं. आम्ही तसंच गेलो. भाऊ नंतर आला.