तोबऱ्यात उरलेली पावडर

खुरांसाठी बायोटिनची पावडर आणायची, चंदीत कालवायची, आणि तासाभराने बघावं तर तोबऱ्याच्या तळाशी तिचा भुरका थर तसाच. ओट गेलेले, हरभरा गेलेला. मोतद्दार म्हणतो, "मालक, घोडी वरचं खाती आन् खालचं ठेवती." बरोबरच आहे त्याचं. घोड्याचा वरचा ओठ सुपातले खडे वेचावेत तसा दाण्यातून नको ते बाजूला सारतो. कोरडी पावडर दाण्याला चिकटत नाही, झरत झरत तळाला जाते. तिथे तिचा वास एकवटला, की शेवटचे दोन घास घोडा सोडूनच देतो.

हे दोन दिवसांपुरतं असतं तर गुळात घालून चारून मोकळं होता आलं असतं. पण बायोटिनचा उपयोग आहे त्या खुराला होत नाही, नव्या वाढणाऱ्या खुराला होतो. खूर वरच्या केसांच्या रेषेपासून महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतं. म्हणजे पुढची बाजू पूर्ण नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेवढे दिवस रोज खाल्ली तरच पावडरीला अर्थ. म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवण्यात हशील नाही. घोड्याला वास कळणारच आहे, तो त्याच्या अंगवळणी पाडायचा.

त्याआधी हा खरंच नखरा आहे का, ते बघा. चारा मजेत खातो पण चंदी अर्ध्यावर सोडतो, असं असेल तर पोटात अल्सर असू शकतो. चारा चावून त्याचे ओले बोळे खाली टाकत असेल तर दात बघायला हवेत. दाढांच्या कडा धारदार होऊन गालाला लागतात. दात वर्षातून एकदा तपासावेतच. चारा-चंदी दोन्ही सोडून पोटाकडे वळून बघत असेल, लोळत असेल, तर ते पोटदुखीचं लक्षण. तेव्हा पुढे दिलेली कृती बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

आणखी एक. डबे वाचा. खुरांची एक पावडर, केसांची दुसरी, ताकदीची तिसरी असं चालू असतं आणि तिन्हींत सेलेनियम असू शकतं. ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला ते सुमारे १ मिलिग्रॅम पुरतं. जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुरांना भेगा पडतात. म्हणजे ज्यासाठी पावडर आणली, तेच बिघडायचं. गोठ्यातलं गाईंचं खाद्य किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याला कधीच घालू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन असतं आणि ते थोड्या मात्रेतही घोड्याचा जीव घेतं.

आता सामान. दोन मुठी ओट, दोन मुठी गव्हाचा कोंडा, एक मोठा चमचा जवसाचं तेल, लिंबाएवढा गूळ, चहाचा एक चमचा मेथीपूड, कपभर कोमट पाणी आणि रुंद, उथळ घमेलं. खोल तोबऱ्यात पावडर तळाशी बसते, म्हणून या कामाला तोबरा नको. लॅमिनायटिस झालेल्या किंवा मानेवर चरबीची वळी आलेल्या घोड्याला गूळ देऊ नका, किसलेलं थोडं गाजर घाला. कोंडा दोन मुठींवर नेऊ नका. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, रोज जास्त दिला तर हाडं ठिसूळ होतात.

मेथी मी उगाच सांगत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात घोड्यांपुढे वेगवेगळ्या स्वादांचं खाद्य ठेवून त्यांची आवड पाहिली होती. मेथी पहिली आली, केळं दुसरं. पहिल्या पाचांत जिरंही होतं. सफरचंद-गाजराच्या पलीकडे घोड्याची चव जात नाही, असं समजणाऱ्यांनी स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा उघडून बघावा. आपल्याकडचे जुने मोतद्दार मसाल्याचे गोळे चारायचे, ते काही अगदीच वेडेपणाचं नव्हतं.

पहिले चार-पाच दिवस पावडर नाहीच. गूळ कोमट पाण्यात विरघळवा, त्यात मेथीपूड घाला, ते पाणी ओट-कोंड्यावर शिंपडा आणि हाताने कालवा. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतपत ओल हवी. वरून तेल. हे एवढंच, मुख्य चंदीच्या आधी, फेरफटका मारून आल्यावर घोडा भुकेला असताना ठेवा. मुख्य चंदीत मिसळण्याचा मोह टाळा. एकदा त्याने संपूर्ण चंदीवर फुली मारली, की पोटभर खाणंच बंद होतं आणि तुम्ही दोन्हीकडून जाता.

घमेलं चाटूनपुसून रिकामं होऊ लागलं, की पावडर सुरू करा. चिमूटभर, त्याहून जास्त नाही. आधी दाणा ओला, मग तेल, मग पावडर, हा क्रम उलटा करू नका. तेलामुळे पावडर दाण्याला धरून राहते, ओठाला निवडायला काही उरत नाही. पावडरीचा डबा घोड्याच्या समोर उघडू नका. तो आवाजही ओळखतो.

दोन-तीन दिवस चिमूट, मग पाव चमचा, मग अर्धा, असं करत डॉक्टरांनी सांगितलेल्या मापापर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे लागतील. मध्ये कुठे घमेल्यात उरलं, तर आधीच्या मापावर या आणि तीन दिवस तिथेच थांबा. लोक चुकतात ते इथे. आज उरलं म्हणून उद्या दुप्पट गूळ घालतात. घोडा गूळ तेवढा खातो आणि पुढच्या खेपेला त्याहून जास्त मागतो. माप पक्कं झालं, की गूळ आठवड्या-आठवड्याने कमी करत न्या. मेथी राहू द्या.

कालवलेलं तासाभरात खाल्लं नाही तर काढून टाका. एप्रिल-मे महिन्यात ते बघता बघता आंबतं. घमेलं रोज धुवा. काठावर सुकलेला कालचा थर घोड्याला आजच्या पावडरीपेक्षा जास्त खटकतो. मीठ या कालवणात घुसडू नका. सैंधवाचा खडा ठाणावर टांगा, हवं तेवढं तो चाटेल.

रेसचा किंवा स्पर्धेचा घोडा असेल तर चव आणण्यासाठी चॉकलेट, चहा, कॉफी, खसखस यांतलं काहीही घालू नका. त्यांतली द्रव्यं लघवीच्या तपासणीत सापडतात. लसूण कुठल्याच घोड्याला रोज भरपूर घालू नये, लाल रक्तपेशी फुटतात.

इतकं करूनही काही घोडे ऐकत नाहीत. मग त्याच औषधाच्या गोळीदार दाण्याच्या स्वरूपातल्या पिशवीची चौकशी करा. दाण्यात मिसळलेली गोळी पावडरीइतकी खटकत नाही. तेही नाही जमलं तर ६० मिलिलिटरची सिरिंज. आधी काही दिवस तिच्यातून नुसता केळ्याचा पातळ लगदा द्या, म्हणजे सिरिंज दिसताच तो मान उचलणार नाही. पावडर त्याच लगद्यात दाट कालवा. घोड्याच्या बाजूला उभं राहा, मोहोरकी धरा, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून सिरिंजचं टोक जिभेवर न्या आणि हळूहळू दाबा. डोकं वर उचलून धरू नका. तोंडातला लगदा श्वासनलिकेत उतरू शकतो. त्याने गिळलं, की लगेच मूठभर हिरवा चारा पुढे करा आणि मगच मोहोरकी सोडा.