दोन खिळे, एक दोरा आणि मूतखडा

सहलीच्या तिसऱ्या दिवशी आपण सकाळी कुंभकोणमला रामानुजन यांचे घर पाहिले आणि दुपारी जवळच्या गोविंदपुरम्‌ला विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन घेतले. मंदिराच्या पायऱ्यांवर बसलो असताना नववीच्या एका छात्राने विचारले, "सर, माझ्या बाबांचा मूतखडा दवाखान्यात बाहेरून धक्के देऊन फोडला. कातडीवर साधा ओरखडाही नाही. कातडी मऊ, खडा कठीण. मग मऊ ते शाबूत आणि कठीण ते फुटले, असे कसे?" प्रश्न उत्तम होता. तेव्हा वेळ कमी पडला, म्हणून उत्तर इथे सविस्तर देतो.

सुरुवात लंबवर्तुळापासून करू. रामानुजन यांनी १९१४ सालच्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात लंबवर्तुळाच्या परिघाचे एक सुंदर निकट सूत्र दिले आहे. आपल्या कामाला मात्र परिघ लागत नाही, लंबवर्तुळाचा एक सोपा गुण पुरतो. फळीवर दोन खिळे ठोका, त्यांना सैल दोरा बांधा आणि पेन्सिलीने दोरा ताणून धरत रेषा काढा. खिळे म्हणजे दोन नाभी. रेषेवरचा कोणताही बिंदू घेतला, तरी एका नाभीपासून त्या बिंदूपर्यंत आणि तिथून दुसऱ्या नाभीपर्यंत, या दोन अंतरांची बेरीज सारखीच येते, कारण दोरा तोच आहे. शिवाय एका नाभीतून निघालेली लहर भिंतीवर आपटली, की परावर्तन होऊन दुसऱ्या नाभीकडेच जाते. म्हणजे वाट कोणतीही असो, पोहोचायची जागा एक आणि वेळही एकच.

मूतखडा फोडणारे यंत्र याच गुणावर चालते. ठिणगी आणि लंबवर्तुळाकार वाटी यांच्या साह्याने आघात तरंग एकत्र आणण्याचे पेटंट अमेरिकेत फ्रँक रायबर यांच्या नावाने १९५१ सालीच नोंदले गेले होते. प्रत्यक्ष उपचाराला मात्र विमाने बनवणारी जर्मनीची डॉर्निए कंपनी कारणीभूत ठरली. ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले, की पत्र्यावर खळगे का पडतात, याचा तिथे अभ्यास चालू होता. १९६६ साली वेगवान गोळी लक्ष्यावर आदळली, नेमक्या त्याच क्षणी एका अभियंत्याचा हात त्या लक्ष्याला लागलेला होता. त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. मोजून पाहिले तर वीज कुठेच नव्हती. आघाताची लहर हातातून गेली होती, आणि हाताला इजा नव्हती! पुढे डॉ. ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युनिकमध्ये ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला.

डॉर्निएच्या एचएम३ या गाजलेल्या यंत्राच्या वाटीचा अर्धा दीर्घ अक्ष १३.८ सेंमी. आणि अर्धा लघु अक्ष सुमारे ७.८ सेंमी. होता. गणित करून पाहा : दोन नाभींमधले अंतर सुमारे २२.८ सेंमी. येते आणि दोऱ्याची लांबी २७.६ सेंमी. रुग्णाला कोमट पाण्याच्या टाकीत बसवत. वाटीच्या आतल्या नाभीवर पाण्यात विजेची ठिणगी पडे. दोन बाजूंनी क्ष-किरणांनी पाहून खडा बाहेरच्या नाभीवर आणून ठेवत. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणून वाटीवरून परतलेल्या साऱ्या लहरी १८४ मायक्रोसेकंदांनी खड्यावर एकदम पोहोचतात. वाटीला न लागता सरळ निघालेली लहर त्याआधी ३२ मायक्रोसेकंद तिथून जाते, पण ती एकटी आणि फिकी असते.

आता कातडीचे उत्तर. यंत्र ठिणगीच्या ऊर्जेत काहीच भर घालत नाही. कातडीपाशी ती ऊर्जा वाटीच्या तोंडाएवढ्या रुंदीत पसरलेली असते, खड्यापाशी ती बोटाच्या पेराएवढ्या जागेत येते. तिथे दाब क्षणभर हवेच्या दाबाच्या काही शे पट होतो. दुसरे असे की शरीरात पाणीच जास्त, त्यामुळे पाण्यातून मांसात शिरताना लहर जवळजवळ अडत नाही. खडा मात्र वेगळ्या जातीचा. लहर त्याच्या मागच्या पृष्ठभागावरून उलटते तेव्हा दाबाचे रूपांतर ताणात होते, आणि दगड दाब सोसतो पण ताण सोसत नाही. तो आतून तडकतो. अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून सुटणाऱ्या हेश गोळ्याचे तत्त्व हेच आहे : स्फोट चिलखताच्या बाहेर आणि कपचे आतल्या बाजूने उडतात. बाहेरून खड्याला पाण्यातले सूक्ष्म बुडबुडे फुटून कुरतडतात, ते वेगळेच.

हवा आली की मात्र हिशेब बिघडतो. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा उलट फिरते, म्हणून फुप्फुसाला या लहरीपासून जपावे लागते. लहान मुलांचे शरीर छोटे, फुप्फुस मूत्रपिंडाजवळ. त्यांच्या छातीखाली थर्मोकोल लावत. ज्या गुणाने फुप्फुसाला धोका, त्याच गुणाने त्याचे रक्षण, कारण थर्मोकोलमध्येही हवाच असते. हृदयाचे ठोके बिघडू नयेत म्हणून ठिणगीही नाडीच्या तालावर पाडत.

वडिलांनी दोन दिवस लघवीतून लालसर पाणी गेल्याचे सांगितले असेल, तर तेही यातच येते. नाभीभोवतीच्या मांसालाही मार बसतो. म्हणून धक्के मोजून, हळूहळू वाढवत देतात.

सगळे अचूकतेवर अवलंबून आहे. ठिणगीची टोके झिजतात, मग ठिणगी नाभीपासून सरकून पडू लागते. अर्धा सेंमी. सरकली, तर काही लहरी सुमारे ३ मायक्रोसेकंद आधी आणि काही तितक्याच उशिरा पोहोचतात. दाबाचा मुख्य भाग टिकतो जेमतेम १ मायक्रोसेकंद. म्हणजे लहरी एकमेकींना भेटतच नाहीत, आणि खड्याचा मार आजूबाजूला वाटला जातो. यासाठी ती टोके वरचेवर बदलावी लागत.

खिळे २२.८ सेंमी. अंतरावर ठोका, दोरा २७.६ सेंमी. घ्या आणि लंबवर्तुळ काढा. मग रेषेवर दहा बिंदू निवडून, एक खिळा अर्धा सेंमी. वर सरकवून, दहाही बेरजा पुन्हा मोजा. वह्या सोमवारी प्रयोगशाळेत आणाव्यात.