माहितीचा साठा एक, वाटा अनेक



उसाची नोंद म्हणजे निव्वळ कागद नव्हे. लागणीची तारीख, जात किंवा क्षेत्र चुकले की तोडणीची पाळी चुकते. पाळी चुकली की पक्व ऊस फडातच वाळतो, वजन घटते आणि तोटा आपल्याच पदरी पडतो. म्हणून नोंदीची पद्धत कशी असावी, हे सभासदांनीही समजून घ्यावे.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे उदाहरण घेऊ. तेथे १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ ही योजना सुरू झाली. परिसरातील सुमारे ७० गावे तिच्यात धरली होती. बाजारभाव, शेतीसल्ला अशी पुष्कळ माहिती गावातल्या संगणक केंद्रावर मिळावी, हा हेतू. पण शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः उसाच्या कामासाठी: नोंद, वजन, खताचा हिशेब. त्यात खेड्यातली वीज जायची, यंत्रे जुनी व्हायची, दुरुस्तीचा खर्च वाढायचा.

पुढे २००६-०७ च्या सुमारास ७ गावांत सुमारे ८ महिने वेगळा प्रयोग झाला. गावातल्या संगणकाऐवजी साधा मोबाईल. मेसेज पाठवला की कारखान्यातील साठ्यातून उत्तर यायचे.

यातले मर्म काय? कारखान्यातला साठा मोडावा लागला नाही; फक्त विचारण्याची वाट बदलली.

हे केव्हा जमते? सभासद क्रमांक आणि प्लॉटची नोंद एकाच जागी, एकदाच केलेली असली म्हणजे. शेतकी खाते, काटा आणि बिल विभाग यांनी तीच नोंद वाचावी. उद्या ठिबकची माहिती हवी झाली तर एक रकाना वाढवला की भागले. प्रत्येक खात्याची वही निराळी असेल, तर चार ठिकाणी खाडाखोड आणि चार निराळे आकडे!

ही गोष्ट उसापुरतीच नाही. ठाणे जिल्ह्यातले शहापूर-मुरबाड हे भाताचे तालुके. तिथेही खरेदी केंद्रावर भात घालायचा तर सातबाऱ्यावरची पीकनोंद लागते. २०२१ पासून ही पीकपाहणी शेतकऱ्याला स्वतः मोबाईलवरून करता येऊ लागली. वाट नवी, पण उतारा तोच.

मात्र यंत्र कोणतेही असो, चुकीची नोंद घातली तर उत्तरही चुकीचेच येणार. तेव्हा लागण असो की खोडवा, नोंदीच्या पावतीवरची तारीख, जात आणि क्षेत्र ताडून पाहा. चूक दिसली तर हंगाम सुरू होण्याआधीच गट ऑफिसात लेखी कळवा. गाळप सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.