फ्लॅट त्याच्या नावावर, पैसा तिचा

प्रश्न : माझ्या बहिणीचा 19 वर्षांचा संसार तलाकने मोडला. फ्लॅट मेहुण्यांच्या नावावर आहे. पण सुरुवातीची रक्कम तिने दागिने मोडून भरली, निम्मे हप्तेही तिच्या पगारातून गेले. जमातीतले वडीलधारे म्हणतात, शरीअतीप्रमाणे तिला मेहर आणि इद्दतीचा खर्च, बाकी काही नाही. हे खरं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्धंच खरं. लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा निम्मा वाटा, असं मुस्लिम व्यक्तिगत कायदा मानत नाही. हिंदू विवाह कायदाही मानत नाही. अपवाद गोव्याचा. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, मुस्लिम जोडप्याचीही मिळकत सामाईक धरतात. चिपळूणला त्याचा उपयोग नाही. पण नवऱ्याचं ते नवऱ्याचं म्हणणारी शरीअत बायकोचं ते बायकोचं हेही तितक्याच ठामपणे सांगते, आणि जमातीच्या बैठकीत नेमकं तेच कुणाला आठवत नाही. तुमच्या बहिणीला नवऱ्याची मिळकत मागायचीच नाही. फ्लॅटमध्ये अडकलेला स्वतःचा पैसा मागायचा आहे.

समोरून पहिली हरकत येईल की, संसारात घातलेला पैसा म्हणजे बक्षीस. पण शरीअतीत बक्षीस, म्हणजे हिबा, ठरायला देणाऱ्याने तसं जाहीर करावं लागतं, घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं आणि ताबाही द्यावा लागतो. खात्यातून गृहकर्जाचा हप्ता कापला गेला, एवढ्याने हिबा होत नाही. दुसरी हरकत बेनामीची, म्हणजे पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असल्याची. जोडीदाराच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मिळकत 2016 च्या दुरुस्तीनंतरही बेनामी ठरत नाही. तेव्हा सगळी मदार पुराव्यावर. सराफाची मोडीची पावती आणि बिल्डरची पावती यांच्या तारखा जुळल्या, तर तो कागद दहा साक्षीदारांना भारी पडेल. मिळकतीचा हा वाद कौटुंबिक न्यायालयात नेता येतो.

राहिला इद्दतीचा, म्हणजे तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांच्या प्रतीक्षाकाळाचा, खर्च. मुस्लिम स्त्रियांच्या घटस्फोटानंतरच्या हक्कांविषयीच्या 1986 च्या कायद्याचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात स्पष्ट केलं की, पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीत करून द्यायची असते. ती तरतूद फक्त त्या तीन महिन्यांपुरती नसते. लग्नात आणि नंतर मिळालेल्या भेटवस्तूही याच कायद्याने तिच्या आहेत.

तिने घरात राबून काढलेल्या वर्षांचं मोल मात्र या हिशेबात धरलं जात नाही, आणि ही आपल्या कायद्यातली उघड उणीव आहे. ते मोल धरणं इस्लामविरोधी ठरेल, हेही पटण्यासारखं नाही. इंडोनेशियाच्या 1991 च्या इस्लामी कायदा संकलनात, वेगळा करार नसल्यास, संसारात जमलेल्या मिळकतीचा निम्मा वाटा घटस्फोटितेला मिळतो, मग कागदावर नाव कोणाचंही असो.

जमात बहुधा 'आता काही घेणं उरलं नाही' अशा मजकुरावर सही मागेल. वकिलाला दाखवल्याशिवाय बहिणीला ती करू देऊ नका.