शाळेच्या दूरचित्रवाणीची केबल : जोडणी व तपासणी

मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या पीएम ई-विद्या कार्यक्रमान्वये पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेसाठी स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी सुरू करण्यात आली. डिसेंबर २००४ पासून चालू असलेल्या दूरदर्शनच्या विनाशुल्क डिश सेवेवर या वाहिन्या दिसतात. इंटरनेट मंद असलेल्या गावातील शाळेस हे साधन विशेष उपयोगी आहे.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातून या सेवेची छत्री आग्नेयेकडे रोखावी लागते. चित्र गेले की कोणीतरी छतावर चढून छत्री हलवितो आणि नीट असलेली दिशाही बिघडवितो. वास्तविक दोष पुष्कळदा केबलच्या टोकाशी, अंगठ्याएवढ्या कनेक्टरमध्ये असतो.

छत्रीपासून येणाऱ्या आरजी-६ जातीच्या केबलमध्ये मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरे रोधक, त्यावर पातळ पत्रा व तारांची जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण असते. या एकाच केबलमधून संदेश खाली येतो आणि छत्रीवरील एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा वीजपुरवठा वर जातो. म्हणूनच जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला, तरी पुरवठा तुटतो व पडदा काळा होतो.

सुरीने केबल सोलणे आणि साध्या पकडीने कनेक्टर चेपणे ही सर्वत्र दिसणारी पद्धत आहे. ती सोडून दिली पाहिजे. सुरीचा ओरखडा मधल्या तारेवर बसतो. ही तार पुष्कळदा पोलादाची असून तिच्यावर तांब्याचा केवळ मुलामा असतो आणि उच्च कंप्रतेचा संदेश त्या मुलाम्यातूनच वाहतो. पकडीने कनेक्टर चपटा होतो, जाळीवर चहूबाजूंनी सारखा दाब येत नाही.

योग्य साधने दोनच : केबलच्या मापाचा स्ट्रिपर आणि षट्कोनी खाचेचे क्रिंपिंग टूल. आरजी-६ च्या एफ कनेक्टरसाठी ०.३६० इंच, म्हणजे सुमारे ९.१ मिलिमीटरची खाच लागते. आरजी-५९ साठी ०.३२४ इंचाची. खाच चुकली तर टूल चांगले असूनही जोड सैल राहतो. पूर्ण दाब बसेपर्यंत न सुटणारे, रॅचेटचे टूल घ्यावे.

स्ट्रिपरने सुमारे ६ मिलिमीटर तार उघडी करावी व तेवढ्याच लांबीचे रोधक पत्र्यासह ठेवावे. जाळी मागे आवरणावर दुमडावी. पांढरे रोधक कनेक्टरच्या आतील तळाशी समपातळीत येईपर्यंत केबल ढकलावी. तार कनेक्टरच्या कडेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर दिसली पाहिजे. मगच दाबावे. काँप्रेशन जातीच्या कनेक्टरला निराळे टूल लागते. त्यावर हे टूल चालवू नये.

देयक मंजूर करण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी किंवा ग्रामपंचायत सदस्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. कनेक्टर हाताने ओढल्यास निसटू नये. केबलची दोन्ही टोके सोडवून मल्टिमीटर लावल्यास मधली तार व कनेक्टरचे धातूचे अंग यांत सलगता दिसू नये. यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाचे पाणी केबलवरून ओघळत जोडात शिरते व जाळी गंजते. तेथे कनेक्टरवर रबरी टोपी बसवावी आणि जोडापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.