वकिलाचा पहिला प्रश्न : "हे कधी झालं?"



भरतीची वेळ चुकली की बोट चिखलात बसते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कायद्यातल्या मुदतींचं मात्र तसं नाही. कागद पिशवीत पडून राहतात, "बघू सीझन संपल्यावर" म्हणत महिने जातात, आणि वकिलाकडे गेल्यावर तो आधी तारीखच विचारतो. बाजू खरी असूनही तिथे गाडी अडते. म्हणून बोटमालक, खलाशी आणि घरच्या बायका वकिलांना हमखास विचारतात ते प्रश्न आज घेतलेत. उत्तरं देताना तारखांवर जास्त भर दिलाय.

"चोरी परगावी झाली, तर तक्रार तिथेच करायची का?"

बोटी वर ओढल्या की देवदर्शनाच्या गाड्या निघतात. समजा, उज्जैनला महाकालाचं दर्शन झालं, मंडळी फ्रीगंजमधल्या टॉवर चौकात खाण्यापिण्याला थांबली आणि गर्दीत पर्स नि मोबाईल गेला. परतीची गाडी तासाभरावर. आता काय?

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. चोरी हा तसाच गुन्हा आहे. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे तुम्ही घरी येऊन आपल्या बंदराजवळच्या ठाण्यातही तक्रार देऊ शकता. ते शून्य नंबरने नोंद करून उज्जैनला पाठवतील. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांच्या आत सही करायला जावं लागतं. नोंदच घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

तरी आमचं मत असं, की हातात तासभर असेल तर तिथल्याच ठाण्यात जा. दुकानांच्या कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं. आणि चोरी झाली असेल तर अर्जात "हरवलं" लिहू नका. हरवल्याची नुसती नोंद होते, तपास होत नाही.

मोबाईलसोबत बँकेचं ॲप गेलं असेल तर पोलिसांच्याही आधी बँकेला फोन करा. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

"व्यापाऱ्याचा चेक परत आला. आता?"

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त वाया जाणारी केसही हीच. व्यापारी म्हणतो, "नाखवा, थांबा, पुढच्या आठवड्यात देतो." आपण थांबतो. त्या थांबण्यातच मुदत निघून जाते.

हिशोब तारखांनी मांडू. चेकवर ५ नोव्हेंबर तारीख आहे. तो तीन महिने चालतो. तुम्ही भरला आणि १२ नोव्हेंबरला बँकेने "पुरेशी रक्कम नाही" असा मेमो हातात दिला. तिथून ३० दिवसांत, म्हणजे १२ डिसेंबरच्या आत, लेखी नोटीस गेलीच पाहिजे. व्यापाऱ्याला ती १५ डिसेंबरला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, म्हणजे ३० डिसेंबरपर्यंत. दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फौजदारी तक्रार. आपल्या उदाहरणात ३० जानेवारीच्या आत दाखल केलेली बरी. तक्रारीला थोडा उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असेल, तर कोर्ट तो माफ करू शकतं. नोटिशीचे ३० दिवस मात्र माफ होत नाहीत.

नोटिशीचे दिवस गेले पण चेकचे तीन महिने अजून शिल्लक आहेत? मग तोच चेक परत भरा. पुन्हा परत आला तर नवा मेमो मिळतो आणि नवे ३० दिवस. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे मान्य केलं आहे.

दुसरी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. व्यापारी वेरावळचा असो की मंगळूरचा, केस तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते. २०१५ च्या दुरुस्तीने हे ठरलं. त्यामुळे "आता परराज्यात कुठे खेटे घालायचे" म्हणून पैसे सोडून देऊ नका. व्यापाऱ्याने नोटीस मुद्दाम घेतली नाही आणि पाकीट "नाकारली" शेऱ्यासह परत आलं, तर ते फोडू नका, तसंच जपून ठेवा. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच धरलं जातं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बऱ्याच केसेस पैसे देऊन मिटतात.

आता हेच उलट्या बाजूने बघा. सीझनच्या सुरुवातीला बर्फ-डिझेलसाठी उचल घेताना आपण सही केलेला कोरा चेक देतो. "रक्कम मी लिहिलीच नव्हती" हे कोर्टात पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे, की राजीखुशीने दिलेल्या सही केलेल्या कोऱ्या चेकवर समोरच्याने रक्कम भरली तरी तो देण्यापोटीच दिलाय असं धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम सही करणाऱ्यावर. चेक द्यावाच लागला तर नंबर, तारीख आणि "उचलीची हमी म्हणून" असं लिहून त्याच्याकडून पोच घ्या. आणि उचल फिटली त्याच दिवशी चेक परत मागा.

"उसने दिलेले पैसे चार वर्षं झाली तरी देत नाही."

हातउसन्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पैसे दिल्याच्या दिवसापासून. परतफेड नंतर कधी करायची असं कागदावर ठरलं असेल तर हिशोब बदलतो. तीन वर्षं संपायच्या आत त्याने "इतके देणं आहे" असं लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं सुरू होतात. नुसत्या तोंडी "देतो देतो" ने काही होत नाही. सावकार बिनपरवान्याचा असेल, तर महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा २०१४ चा कायदा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. कोऱ्या स्टॅम्पवर घेतलेल्या सह्याही त्या तक्रारीत लिहा.

"मी तर फक्त जामीनदार आहे ना?"

नाही. बँक किंवा पतसंस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि मग तुमच्याकडे येईल, असं कायद्यात कुठेही नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. १०१ च्या दाखल्याची नोटीस आली तर घरात ठेवून देऊ नका. दिलेल्या तारखेला हजर राहा आणि तुमचं म्हणणं लेखी द्या.

"माणूस दर्यात गेला, सापडला नाही. घरच्यांनी काय करायचं?"

हा प्रश्न विचारायला येणारी बहुतेक वेळा घरची बाईच असते. आणि तिला सगळेच सांगतात, "सात वर्षं थांब." हे अर्धवट आहे.

सात वर्षांचा नियम इतकाच आहे, की ज्यांना माणसाची खबर कळायला हवी होती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर तो मयत आहे असं कोर्ट धरू शकतं. पण सात वर्षांच्या आत मृत्यू सिद्धच करता येत नाही असं त्यात म्हटलेलं नाही. बोट उलटली, तांडेलाने आणि इतर खलाशांनी त्याला पाण्यात जाताना पाहिलं, शोध घेतला, मिळाला नाही, असा भक्कम पुरावा असेल तर दिवाणी कोर्टात आधीही जाता येतं. सरकारनेही मोठ्या आपत्तीत सात वर्षांची वाट बघायला लावलेली नाही. २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात आणि २०२१ च्या चमोलीच्या दुर्घटनेत बेपत्ता लोकांचे मृत्यू नोंदवायला वेगळी पद्धत आखली होती. एकट्या बोटीच्या अपघाताला अशी आपोआप सवलत मिळत नाही. तिथे सगळी मदार पुराव्यावर.

म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत काय होतं, त्यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून असतात. दर्यातूनच तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा सागरी पोलिसांना १०९३ वर कळवा, आणि कॉलची वेळ लिहून ठेवा. किनाऱ्याला लागताच बेपत्ता नोंद करा. बोटीवरच्या प्रत्येकाचा जबाब त्याच दिवसांत व्हायला हवा, कारण परप्रांतीय खलाशी महिन्याभरात गावी निघून गेला की मग कुठे शोधणार? ठिकाण जीपीएसवरून, वारा-पाण्याची स्थिती, बोटीचा टोकन नंबर, त्या फेरीला कोण कोण होतं, हे जबाबात आलंच पाहिजे. संस्थेचं पत्र जोडा. मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही लेखी कळवून पोच घ्या. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख रुपये आहेत, आणि तो दावाही याच कागदांवर उभा राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माणूस बेपत्ता झाला की घरचे आयुर्विम्याचे हप्ते बंद करतात. तसं करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात स्पष्ट केलं, की सात वर्षांनंतर माणूस मयत धरला जातो, पण तो बेपत्ता झाला त्याच दिवशी मेला असं आपोआप धरलं जात नाही. मधल्या काळात हप्ते न भरल्याने पॉलिसी बंद पडली असेल तर दावा अडकतो. नवरा गेल्याचं दुःख, घरात पैसा नाही, आणि वर हप्ते भरायचे. हे सांगणं सोपं नाही, याची जाणीव आहे. पण शेजारपाजार, संस्था, नातेवाईक यांनी मदत करायचीच असेल तर निदान तेवढ्या हप्त्यांची जबाबदारी वाटून घ्यावी.

"नॉमिनी मी आहे, मग पैसे माझेच ना?"

घराघरात भांडण लावणारा प्रश्न. 'कालनिर्णय' तर सगळ्यांच्या भिंतीवर असतं. त्याचे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या पश्चात शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवरून याच मुद्द्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला : नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, पण ते वारसांसाठी. बँक खात्यालाही तेच लागू. अपवाद आयुर्विम्याचा : २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा, बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील, तर ती रक्कम त्यांचीच.

मग वारस कोण? हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकमाईच्या बोटीवर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हक्क. लग्न झालेली मुलगी यात आली. वडील पहिल्या यादीत येत नाहीत, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. बोटीवरचं कर्ज वारसांकडे येतं, पण मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. वसईकडच्या ख्रिस्ती आणि रत्नागिरीकडच्या मुस्लिम मच्छीमारांना वारसाचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी त्यानुसार विचारून घ्यावं.

हे सगळं टाळायचं तर मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

"स्टॅम्पवर लिहून घेतलंय, नोटरी पण केलंय."

घर-जागेसाठी त्याने मालकी येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० च्या जागी बहुतेक कामांना ५०० चा स्टॅम्प लागतो, पण स्टॅम्प महाग झाला म्हणून कागद पक्का होत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं लागतं, सही केल्यापासून चार महिन्यांत. बोट ही जंगम मालमत्ता, तिला दुय्यम निबंधक नको. पण सरकारी नोंदीत नाव बदललं नाही तर डिझेल परतावा आणि विमा जुन्याच मालकाच्या नावावर राहतात. विकणाऱ्यालाही धोका आहेच. बोट बंदीत पकडली गेली तर नोटीस त्याच्या घरी येणार.

"वकिलाची फी परवडत नाही."

तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. इतरांना राज्यात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. फोन १५१००. चेकची केस लोकअदालतीत मिटली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून तडजोडीवर सही करण्याआधी आकडा नि हप्त्यांच्या तारखा नीट वाचा. समितीकडचा अर्ज साध्या कागदावर चालतो. जाताना आधार, रेशनकार्ड, आणि तुमच्याकडे असलेले सगळे कागद तारखेनुसार लावून न्या. बँकेचा मेमो, नोटिशीची पाकिटं, पोचपावत्या सगळं.