भूमिपरीक्षा आणि कीटकनाशकांचे अवशेष

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायू, उदक व काल यांच्यासह देशाची विकृतीही वर्णिलेली आहे. औषधी वनस्पतींच्या भूमीचा विचार करताना आपण हे विसरू नये. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला. तथापि त्याचे अवशेष मातीत दीर्घकाळ टिकतात.

मृत्परीक्षणाच्या अहवालात ‘अवशेष आढळले नाहीत’ एवढे वाचून मात्र आपण निश्चिंत होतो. रेताड मातीतून द्रावकाच्या साहाय्याने कीटकनाशक तुलनेने सहज सुटते. काळ्या चिकण व सेंद्रिय कर्बयुक्त मातीत ते कणांना घट्ट धरून राहते. म्हणून त्याच प्रकारच्या निर्दोष मातीत कीटकनाशकाची ज्ञात मात्रा मिसळून ती किती परत मिळते, हे आधी पाहावे लागते. सामान्यतः ७० ते १२० टक्के प्राप्ती ग्राह्य मानतात. केवळ रेताड मातीवर पडताळलेली पद्धत काळ्या मातीस लावल्यास अवशेष प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतात.

यास्तव शतावरी, अश्वगंधा यांसारखी मूलद्रव्ये घेताना वैद्यबंधूंनी मातीचा प्रकार, त्या मातीतील प्राप्तीची टक्केवारी व मापनाची किमान मर्यादा अवश्य विचारावी. शिवाय मुळांचीही स्वतंत्र तपासणी करवावी. रुग्णाच्या हाती चूर्ण आपणच देतो. त्याचे उत्तरदायित्वही आपलेच आहे, असे आम्हांस वाटते.